धम्मदीपाच्या विचाराची सुनावणी

सुनेचं डोकं शांत झालं असतं तर देवमनराव अंभोऱ्यांच्या पदरात काय पडणार होतं, ते आधीच मांडून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे त्यांनी जे जे केलं त्यात माया किती आणि मतलब किती, याचा अंदाज ज्याचा त्याला घेता येईल.

पहिला लाभ चष्म्याचा. देवमनरावांचा चष्मा दिवसभर हरवत असे आणि तो कुठे आहे हे घरात एकट्या धम्मदीपाला ठाऊक असे. दुसरा मोबाइलचा. 'आत्ता होता तो फोटो गेला कुठं?' या प्रश्नाला तीच उत्तर देई. तिसरा लाभ चहाच्या टपरीवरचा. सकाळच्या फेरफटक्यात 'सून जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका हाय' हे वाक्य ते चहाबरोबर बिस्किट घ्यावं तसं रोज घेत. त्यातलं 'हाय' जाऊन 'होती' म्हणायची पाळी आली असती, तर त्यांना टपरीच बदलावी लागली असती.

पण हे सगळे किरकोळ लाभ. खरा लाभ चौथा, आणि तो त्यांनी बायकोलाही सांगितलेला नव्हता. वाशीमच्या न्यायालयात शिरस्तेदार म्हणून उभी हयात काढलेल्या या माणसाकडे निवृत्तीनंतर कोणी एक प्रकरण म्हणून आणलं नव्हतं. ज्यांच्या टेबलासमोर वकील घसा खाकरून उभे राहत, त्यांना घरात आज भाजी कोणती एवढंही कोणी विचारत नव्हतं. देवमनरावांना एक प्रकरण हवं होतं. ते त्यांना बुधवारी सकाळी स्वयंपाकघरात, ओट्याखाली मांडी घालून बसलेलं सापडलं.

झालं असं, की कुकर शिट्ट्या मारत होता, धम्मदीपाचे हात कणकेत होते, आणि बाहेरून भागिरथाबाई ओरडत होत्या, "दीपा, माह्यी बीपीची गोळी कोन्ती वं? पांढरी का गुलाबी?" शेलूबाजारच्या बँकेत कारकून असलेला नवरा प्रसेनजित बूट चढवता चढवता म्हणाला, "दीपा, आज नळाचा दिवस हाय, ध्यानात हाय ना?" देवमनरावांचं नेहमीचं होतंच, "दीपा, चष्मा!" एवढ्यात फोन वाजला. मेडशीच्या पुढे आडवळणाला तिची शाळा, तिथले मुख्याध्यापक रामकिसन सर. "मॅडम, पोषण आहाराची माहिती पाठवली का? आन् मतदार यादीचं काय झालं? तात्काळ मागून राह्यले वरून."

धम्मदीपाने गॅस बंद केला. तेवढं भान तिला अशाही वेळी होतं. मग ती खाली बसली आणि उठेचना.

"मले काही सुचून नाही राह्यलं," ती म्हणाली. "छातीवर कोनं पाटा ठेवल्यावानी वाटते. मी एक मिनिट थांबली ना, का सगळं बंद पडते. घर, शाळा, सगळं. सोमवारी जातो आन् राजीनामा देतो."

घर हादरलं. ही नोकरी तिने लेकरू कडेवर घ्यायच्या वयात पुस्तकं कडेवर घेऊन मिळवलेली. पहिल्या दिवशी शाळेत जाताना साऱ्या गल्लीला पेढे वाटले होते. आणि आता राजीनामा! शेजारच्या हिरीबाई विरजण मागायला आल्या होत्या, त्या विरजण विसरल्या.

"पोरीले नजर लागली," त्यांनी निदान केलं. "मिरच्या उतरवा."

"आमच्यात नाही चालत बाई थे," भागिरथाबाई म्हणाल्या. "आमी विज्ञानवाले."

"मंग विज्ञानवाल्या मिरच्या उतरवा! पन उतरवा."

समोरच्या घरातून सल्ला आला की चार दिवस माहेरी धाडा. धम्मदीपाच म्हणाली की माहेरी गेले की तिथलं काम असतंच. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने बदामाचं तेल सुचवलं, कारण त्याच्याकडे बदामाचं तेल शिल्लक होतं. शेवटी प्रसेनजितला बँकेतल्या कोणीतरी अंजू मॅडमचं नाव सांगितलं. समुपदेशक, औषध न देता बोलून उपचार करतात. गुरुवारी धम्मदीपा तिथे गेली. तिच्यासोबत देवमनरावही गेले. कायद्याचं कोणीतरी बरोबर असावं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

अंजू मॅडम वयाने लहान, बोलणं सावकाश. त्यांनी धम्मदीपाचं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही घड्याळाकडे न बघता. मग म्हणाल्या, "ताई, काम खरंच खूप आहे तुमच्यावर. पण 'मी थांबले तर सगळं बंद पडेल' हा तुमच्या मनातला विचार आहे. मनात आलेली प्रत्येक गोष्ट खरीच असते असं नाही. तो विचार आपण तपासून बघू. त्याच्या बाजूने पुरावा काय आहे, त्याच्या विरुद्ध पुरावा काय आहे. मग एक लहानसा प्रयोग करू. आणि मग त्या विचाराच्या जागी त्याहून खरा विचार कोणता बसतो ते पाहू. याला सीबीटी म्हणतात."

'पुरावा' हा शब्द कानावर पडताच कोपऱ्यातल्या खुर्चीत पेंगत असलेले देवमनराव ताठ झाले. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी त्यांच्या भाषेत बोललं होतं.

"म्याडम, दोन्ही बाजूंचा पुरावा?"

"हो काका."

"तोंडी चालते, का लेखीच पाह्यजे?"

"कसाही चालेल."

"साक्षीदार?"

मॅडम हसल्या. "घरातल्या लोकांशी बोललात तर छानच."

हे 'छानच' मॅडमनी सहज म्हटलं होतं. देवमनरावांनी ते हुकूम म्हणून नोंदवून घेतलं.

परतताना ऑटोत ते नुसते उकळत होते. "दीपा बेटा, हे तं आपलंच काम निघालं! मी जनमभर दुसरं काय केलं?"

"बाबा, म्याडमनं मले एकटीले बसून वहीत लिव्हाले सांगतलं."

"वहीतलं उलटतपासणीत टिकत नाही," देवमनराव म्हणाले, आणि ऑटोवाल्याला सरळ स्टेशनरीच्या दुकानाकडे घ्यायला लावलं.

शुक्रवारचा दिवस तयारीत गेला. देवमनरावांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं होतं. ओसरीतली प्लास्टिकची खुर्ची साक्षीदाराची ठरली, शिवणयंत्र न्यायासन झालं. शपथेचा प्रश्न आला तेव्हा भिंतीवर संविधानाची उद्देशिका चौकटीत लावलेली होतीच. तिच्याकडे बघून खरं बोलायचं ठरलं. पुकारा करायचं काम भागिरथाबाईंकडे आलं, कारण त्यांचा आवाज तिसऱ्या गल्लीपर्यंत जात असे आणि त्याचा आजवर विधायक उपयोग झाला नव्हता.

राहिले शाळेचे साक्षीदार. रामकिसन सरांना बोलवायचं कसं? सुनेच्या साहेबाला फोन करून 'या' म्हणणं देवमनरावांना हलकं वाटलं. त्यांनी लांब कागद घेतला, डावीकडे चार बोटं समास सोडला आणि वळणदार अक्षरात लिहिलं: 'तरी आपण शनिवार रोजी सायंकाळी जातीने हजर राहून आपली साक्ष नोंदवावी. कसूर झाल्यास पुढील कामकाज एकतर्फी चालेल, याची नोंद घ्यावी.' खाली सही. सहीखाली सवयीने 'शिरस्तेदार' असंही उमटून गेलं. 'निवृत्त' हा शब्द लिहायचा राहिला. तो त्यांच्या मनातही कधी नीट लिहिला गेला नव्हता. कागदाची चार पदरी घडी करून त्यांनी टाचणी मारली आणि मेडशीकडे जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती दिली.

शनिवारी संध्याकाळी ओसरी भरून गेली. बौद्धांचा पावसाळी वर्षावास चालू होता. विहारातलं वाचन आटोपून पांढऱ्या साड्यांतल्या बाया घरी जायच्या त्या सरळ अंभोऱ्यांकडे आल्या. धम्मदीपा पायरीवर गुडघ्यात मान घालून बसली होती. देवमनराव विरुद्ध बाजूने, म्हणजे तिच्याविना काही अडत नाही हे शाबीत करायला उभे होते. न्यायाधीशही तेच होते. त्यात काही गैर आहे असं त्यांना वाटलं नाही. तीन खुर्च्या भरायला माणसं कमी पडली की न्यायालयातही सांभाळून घ्यावंच लागे.

पहिली साक्ष भागिरथाबाईंची. त्यांनी आधी स्वतःच्याच नावाचा पुकारा केला, मग येऊन बसल्या.

"घरातला सैपाक कोन करते?"

"मीच करतो."

देवमनरावांनी सभेकडे विजयी नजर टाकली. "म्हंजे दीपाविना चूल अडत नाही?"

"कायले अडन? तिनं सकाळी कनीक मळून, भाजी चिरून, डाळ भिजवून, कुकर लावून ठेवला, का मंग सगळं मीच करतो ना!"

पांढऱ्या साड्यांत खसखस पिकली. देवमनरावांनी शिवणयंत्रावर थाप मारली आणि मुलाला बोलावलं.

"मी तं रोज मदत करतो," प्रसेनजितने उद्देशिकेकडे बघून सांगितलं.

"कोन्ती मदत?"

"आठवन करून देतो. नळ, गॅस, लाइट बिल. आजपावतर एक गोष्ट इसरलो नाही."

"आन् करते कोन?"

प्रसेनजितने उद्देशिकेवरची नजर काढून जमिनीवर ठेवली. "करते... थे दीपाच करते."

"मंग तू नवरा हायस का घड्याळ?" मागून कोणीतरी विचारलं, आणि ओसरीचा पार बाजार झाला.

हिरीबाई न बोलावताच खुर्चीत येऊन बसल्या. "मले इचारा! माह्या मोबाइलचं, गॅसचं, नातवाच्या फारमाचं, सारं हेच पोरगी करते. तुमच्या घरचं मले नाही मालूम, माह्यं घर तं बंदच पडते."

"साक्षीदार फितूर झाला आहे," देवमनरावांनी शुद्ध भाषेत जाहीर केलं.

"फितूर तुमी! सुनेच्या घरात ऱ्हाऊन सुनेच्या इरुद्ध बसले!"

एवढ्यात बाहेर जीप थांबली. आतून रामकिसन सर उतरले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, घामाने पाठीला चिकटलेला. काखेत रजिस्टरांचं गाठोडं, हातात कापडी पिशवी, आणि मागे एक तरणाबांड वकील. देवमनरावांच्या अंगावर रोमांच उभे राहिले. साक्षीदार वकील घेऊन आला होता! प्रकरण मोठं झालं होतं!

सर कोणी सांगायच्या आत खुर्चीत बसले आणि कोणी विचारायच्या आत बोलू लागले. "साहेब, मी सगळं खरं सांगतो. मतदार यादी, पोषण आहार, शिष्यवृत्ती, जे काही ऑनलाइन येते थे मी मॅडमले देतो. काहून, का शाळेत रेंज फक्त मॅडमच्या मोबाइलले येते. आन् दुसरं म्हंजे, बाकीचे दोन सर नाही म्हनतात. मॅडम नाही म्हनत नाही."

"सर, बोलू नका!" वकील त्यांची बाही ओढत होता. "अजून वकीलपत्र दाखल व्हायचं हाय!" मग त्याने हातातला कागद उलटासुलटा करून पाहिला. "याच्यावर शिक्का कुठं हाय? प्रकरणाचा नंबर कुठं हाय?"

"शिक्का कायले पाह्यजे?" देवमनराव म्हणाले. "घरगुती हाय. सुनेच्या मनातल्या विचाराची सुनावणी हाय हे."

रामकिसन सरांनी कापडी पिशवीकडे पाहिलं, मग देवमनरावांकडे पाहिलं. "म्हंजे मले... आत नाही टाकत?"

"छे छे!"

"अहो, माह्या बायकोनं दोन दिवसांचे कपडे भरून देल्ले! ब्रशसुद्धा!"

त्या क्षणी पायरीवरून एक आवाज आला. सगळ्यांनी वळून पाहिलं. धम्मदीपा तोंडावर पदर दाबून हसत होती. हसता हसता डोळ्यांतून पाणी काढत होती. मग पदर खोचून ती उठली आणि शिवणयंत्रापाशी आली.

"बाबा, एक साक्षीदार राह्यला."

"कोन?"

"तुमी. बसा खुर्चीत."

देवमनराव बसले. स्वतःच्याच ओसरीत, साऱ्या गल्लीसमोर, प्लास्टिकच्या खुर्चीत. ज्या माणसाने हजारो साक्षीदारांना बसवलं, त्याला खुर्ची एवढी टोचते हे पहिल्यांदाच कळत होतं.

"उद्देशिकेकडे पाहा. आता सांगा, तुमचा चष्मा कुठं हाय?"

देवमनरावांनी खिसा चाचपला. कपाळ चाचपलं. शिवणयंत्राखाली वाकून पाहिलं. आणि हयातभराचा अनुभव, पद, प्रतिष्ठा सगळं विसरून सवयीने विचारलं, "दीपा, कुठं हाय वं?"

पुढची काही मिनिटं कामकाज चालू शकलं नाही.

शांतता झाली तेव्हा निकाल द्यायची वेळ आली होती. देवमनरावांना खोटा निकाल देता आला असता. पण आयुष्यात त्यांनी दांड्या मारल्या असतील, रोजनाम्यात खोटं लिहिलं नव्हतं. ते म्हणाले, "दोन्ही बाजूंचा पुरावा पाह्यला. दीपाचा विचार शाबीत झाला."

आणि मग आपण काय केलं ते त्यांच्या ध्यानात आलं. धम्मदीपा थांबली की सगळं बंद पडतं, हे आता साक्षीपुराव्यानिशी सिद्ध झालं होतं. मग सोमवारी तिने राजीनामा देऊ नये तर काय करावं?

"अवो," भागिरथाबाईंचा आवाज चढला, "पोरीले बरं कराले बसले होते, का तिची नोकरी घालवाले?"

देवमनरावांना जागेवर मातीत जावंसं वाटलं. पण धम्मदीपा म्हणाली, "थांबा आई. म्याडमनं प्रयोगबी सांगतला होता. उद्या आयतवार. उद्या मी काहीच नाही करत. खरंच सगळं बंद पडलं, तं सोमवारी राजीनामा." आणि तिने आपला मोबाइल सासऱ्याच्या हातात ठेवला.

रविवारी सकाळी ती चटई घेऊन गच्चीवर गेली. खाली युद्ध पेटलं.

नळ आला. प्रसेनजितने मोटर लावली आणि सवयीने ओरडला, "दीपा, मोटर बंद कर बरं!" टाकी भरली, वाहिली, पाणी हिरीबाईंच्या अंगणात शिरलं आणि त्यांच्या चपला गल्लीच्या तोंडापर्यंत फिरून आल्या. मग त्याने कणीक मळायला घेतली. पाणी जास्त झालं म्हणून पीठ टाकलं, पीठ जास्त झालं म्हणून पाणी टाकलं, आणि असं करत करत साऱ्या गल्लीला जेवायला घालता येईल एवढा गोळा झाला. भागिरथाबाई पांढरी आणि गुलाबी गोळी दोन हातांत धरून औषधाच्या दुकानात गेल्या आणि दुकानदाराकडून पाकिटावर मोठ्या अक्षरात 'सकाळ' असं लिहून घेऊन, गड जिंकल्यासारख्या परत आल्या.

देवमनराव मात्र मोबाइल घेऊन शिवणयंत्राशी बसले होते. निरोप आला, 'मॅडम, तात्काळ.' त्यांनी उत्तर धाडलं, 'निवेदन मिळाले. मुदत मिळावी.' समोरून आलं, 'ठीक आहे.' देवमनरावांचे डोळे लकाकले. एका पालकाने विचारलं, शाळा कधी भरते? 'आपले म्हणणे नोंदवले. सविस्तर उत्तर उद्या.' शेजारच्या शाळेच्या मॅडमना यादी हवी होती. 'अर्ज आवश्यक त्या कागदपत्रांसह सादर करावा.' त्या मॅडमचं पुन्हा नाव नाही!

दुपारी तालुक्याच्या साहेबांचा निरोप पडला. 'माहिती आजच पाहिजे.' भागिरथाबाई कणकेच्या हातांनी धावत आल्या. प्रसेनजित आला. कुंपणावरून हिरीबाई डोकावल्या. देवमनरावांनी लिहिलं, 'शिक्षिका आज सुट्टीवर आहेत. माहिती उद्या कामकाजाच्या वेळेत सादर होईल.' पाठवलं. चौघंही श्वास रोखून पडद्याकडे बघत राहिले. बराच वेळ काही नाही. मग टुंग! नुसता अंगठा आला. वर झालेला!

"मंजूर!" देवमनराव ओरडले आणि वयाचा विचार न करता जिना चढत गेले. गच्चीवर टाकीच्या सावलीत धम्मदीपा गाढ झोपली होती. तोंड थोडं उघडं, केस चटईवर पसरलेले. इतकी वर्षं ती घरात होती, पण दिवसाउजेडी तिला झोपलेली त्यांनी आज पहिल्यांदा पाहिली. ते चपला हातात घेऊन खाली आले.

संध्याकाळी ती उतरली. ओसरी ओली होती, ओट्यावर पिठाचा सडा होता, पोळ्या तालुक्यांच्या नकाशांसारख्या झाल्या होत्या. तिच्यासाठी ताट झाकून ठेवलं होतं. बाकीच्यांचं जेवण झालं होतं.

"भाजीत मीठ कमी हाय," ती म्हणाली.

"हाय तं हाय," भागिरथाबाई म्हणाल्या. "आमी खाल्लं."

धम्मदीपाने घास संपवला आणि म्हणाली, "मी थांबली का काही बंद पडते, काही वाहून जाते, आन् सगळे बोंबलतात. पन सगळं बंद नाही पडत. बाबा, लिव्हा असं." देवमनरावांनी लिहिलं आणि वर 'सुधारित निकाल' असा मथळा दिला. अंजू मॅडमना फोनवर ही हकीकत सांगितली तेव्हा त्या बराच वेळ हसल्या. "काका, प्रयोग लहानसा करा म्हणाले होते मी!" आणि मग धम्मदीपाला म्हणाल्या, "आता पुढचा: एका माणसाला, एका कामाला, 'नाही' म्हणायचं."

सोमवारी सकाळी धम्मदीपा डबा घेऊन निघाली. "जातो. राजीनामा नाही देत. पन मतदार यादीचं काम मी एकटी करनार नाही, असं सरांले तोंडावर सांगतो."

तर आता या निकालाची किंमत म्हणून कोणी काय भरलं ते पाहू. रामकिसन सरांनी त्या आठवड्यापासून शाळेच्या गच्चीवर उभं राहून रेंज शोधली आणि बाकीच्या दोन सरांना एकेक काम वाटलं; घरची पिशवी अजून त्यांच्या स्वप्नात येते म्हणतात. प्रसेनजितने आपले रविवार भरले. भागिरथाबाईंनी दुपारची मालिका भरली. देवमनरावांनी अब्रू भरली, कारण टपरीवर आता त्यांना कोणी सुनेचं विचारत नाही, पुढची तारीख कोणती एवढंच विचारतात.

पण सगळ्यांत जड भरणा धम्मदीपाचाच. माझ्याविना यांचं पान हलत नाही, या विचाराने तिचा जीव काढला होता हे खरं. पण त्यात एक गोडीही होती, आणि ती तिने सगळ्यांपासून, स्वतःपासूनसुद्धा, लपवून ठेवली होती. मेडशीची बस लागली. पाय फूटबोर्डवर ठेवण्याआधी तिने घरी फोन लावला. गोळी घेतली का, मोटर बंद केली का, एवढंच विचारायचं होतं. रिंग पूर्ण वाजून बंद झाली. घरात सगळे कामात होते.